विष्णुक्रांतेचं पाणी

खानदेशातल्या चैत्राबद्दल कुणी गोड बोलू नये. कोवळी पालवी, कोकिळकूजन, मंद मंद वायुलहरी ही वर्णनं ज्यांना करायची त्यांनी खुशाल करावीत; फक्त त्याआधी भर दुपारी बारा वाजता आमच्या घाटाच्या पायथ्याशी अनवाणी उभं राहून दाखवावं. इथला चैत्र ताम्रवर्ण. इथलं आकाश निर्मेघ, निर्विकार, निर्दय. डोंगराच्या उघड्या बरगड्यांवर ऊन असं कोसळतं की दगडालाही सावलीला जावंसं वाटेल. आणि खालच्या रस्त्याने माणसं येत असतात, डोक्यावर ओलं फडकं टाकून, ओठाला ओठ चिकटलेली, पाणी शोधत.

त्या तप्त, धूलिधूसर रस्त्याच्या शेवटच्या वळणावर एक कडुनिंब होता, निंबाखाली चार रांजण होते, आणि रांजणांपाशी आत्माराम होता. रांजणांना ओली तरटं गुंडाळलेली, तोंडावर लाकडी झाकणं, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. येणाऱ्याने ओंजळ करायची, आत्मारामाने ओतायचं. ओंजळ भरून, ओंजळीतून सांडून, कोपरांवरून ओघळून पायाखालची माती भिजेपर्यंत ओतायचं. आजोबांनी लावलेली पाणपोई, बापाने राखलेली, आता याच्या हाती आलेली. होळीला रांजण मांडायचे, मृगाला उचलायचे. तहानलेल्याला नाही म्हणणारी जीभ जळते, एवढी एकच शिकवण या घरात तीन पिढ्या चालत आली होती. सदुसष्ट वर्षांत आत्मारामाने ती मोडली नव्हती.

आणि निंबापासून वीस पावलांवर, घराच्या पूर्वेकडच्या खिडकीखाली, रोज सकाळी जमिनीवर निळं काहीतरी सांडलेलं असे.

विष्णुक्रांता. नाव केवढं आणि जीव केवढा. उंची म्हणाल तर वीतभरही नाही. भुईला बिलगून, भुईचीच होऊन पसरणारी, केसाळ पानांची, लाजऱ्या फांद्यांची. फूल सदऱ्याच्या गुंडीएवढं. मधोमध पांढरा ठिपका, भोवती निळाई. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात नीळ सोडल्यावर जो रंग पसरतो ना, तोच. सूर्य डोंगरावर आला की शेकडो निळे डोळे एकदम उघडायचे. सूर्य माथ्यावर आला की शेकडो निळे डोळे एकदम मिटायचे. एका फुलाला एकच सकाळ मिळायची.

हा ताटवा द्वारकाबाईचा. आत्मारामाची बायको. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये विष्णुक्रांता लागते, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात ती माळावर हिंडली होती, आणि पत्रीबरोबर एक मुळासकटची काडीही पदरात घालून घेऊन आली होती. त्या काडीचा चाळीस वर्षांत खाटेएवढा ताटवा झाला. तिने त्यात नदीची वाळू घातली, मुठीने मोजून लेंडीखत घातलं, पावसाळा सरला की विळ्याने शेंडे छाटले, गवत एकेक काडी करून वेचलं. पाण्याच्या बाबतीत मात्र तिचा हात फार आखडता. आधी बोट मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तर ओंजळभर पाणी. गार लागलं तर हात मागे.

“माळावरची आहे ती,” ती म्हणायची. “हिला उपाशी मारू नये, पण पाटावर बसवून जेवायलाही घालू नये. लाडानं सडते.”

आत्माराम हसून ऐकायचा आणि विसरून जायचा. पाणी देण्याला काही माप असतं, हे त्याच्या डोक्यातच कधी शिरलं नाही. आणि आयुष्यभर ओतत आलेल्या माणसाला ते कुणी शिकवावं तरी कशाला?

मग शिकायची वेळ आली.

दिवाळीत द्वारकाबाईची पावलं सुजली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि खळगा भरायचा नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कागद उलटसुलट पाहिले आणि सांगितलं, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आणि पाणी दिवसाला अर्धा लिटर, औषधाच्या घोटांसकट. त्याच्या वर गेलं तर ते फुप्फुसात साचेल आणि बाई आतल्या आत बुडेल.

घरी येऊन द्वारकाबाईने स्वतःच माप शोधलं. देवघरातलं पितळी फुलपात्र. अर्ध्या लिटरात ते चारदा भरत होतं. सकाळी एक, बारा वाजता एक, चारला एक, दिवेलागणीला एक. चार फुलपात्रांवर एका माणसाचा दिवस. संक्रांतीपर्यंत ती हिंडत-फिरत होती, ताटवाही बघत होती. होळीनंतर पायांवर उभं राहवेना, तेव्हा तिची खाट पूर्वेच्या खिडकीशी लावली. आणि फुलपात्र आत्मारामाच्या हाती गेलं.

इथून पुढचं सांगताना माझाही घसा कोरडा पडतो. पण सांगायला हवं.

त्या खिडकीतून तिला ताटवा दिसे, ताटव्यापलीकडे निंब दिसे, निंबाखाली रांजण दिसत. आणि दिवसभर पाणी ऐकू येई. ओगराळं रांजणात बुडतानाचा तो गंभीर, गोलसर आवाज. ओंजळीत पडतानाचा खळखळाट. पिऊन झाल्यावर माणसं जो श्वास सोडतात, तो समाधानाचा, सुटकेचा श्वास. आल्या-गेल्याला, गाडीवाल्याला, वाट चुकलेल्याला, शेळ्या वळणारीला, एवढंच काय, शेळ्यांनाही पाणी मिळत होतं. वीस पावलांवर तिची जीभ टाळूला चिकटून बसलेली होती.

“एक घोट,” ती म्हणायची.

“चारला,” तो म्हणायचा.

झालं, एवढंच बोलणं. पण ‘चारला’ म्हणजे ‘नाही’, आणि ‘नाही’ हा शब्द त्या घरात पाण्याला कधी लावलाच गेला नव्हता. तो म्हणताना आत्मारामाच्या जिभेला खरोखरच चटका बसायचा. मग तो तांब्या घेऊन बाहेर यायचा, रांजणातून काठोकाठ भरायचा, आणि खिडकीखाली जाऊन तिच्या विष्णुक्रांतेवर ओतायचा. तिला नाकारलेलं पाणी तिच्या झाडाला. कुणी त्याला हे सांगितलं नव्हतं. पाप झालं की प्रायश्चित्त करावं, एवढंच त्याला ठाऊक होतं. ती दिवसातून दहादा मागायची. तो दिवसातून दहादा ओतायचा.

दुपारी फुलं मिटलेली बघितली की त्याचा जीव आणखीच कासावीस व्हायचा. आयुष्यात त्याने ती फुलं दुपारची कधी नीट बघितलीच नव्हती. दुपारी तो रांजणांपाशी असायचा. मिटलेलं फूल त्याला सुकलेलं वाटलं. तहानलेलं वाटलं. तो आणखी एक तांब्या ओतायचा. मातीत बोट घालून बघावं, हे त्याला आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी त्याने घातलं नसतं. तहान तपासून पाणी देणाऱ्यांचं हे घर नव्हतं.

द्वारकाबाई खिडकीतून बघत होती.

पाडवा आला, गुढी उभी राहिली, गुढी उतरली. ताटव्याची पानं पिवळी पडू लागली. आधी काठाकाठाने, मग मधोमध. सकाळचे निळे डोळे शंभराचे पन्नास झाले, पन्नासाचे दहा. आत्माराम पिवळं पान बघायचा आणि म्हणायचा, ऊन फार झालं बिचारीला. आणि ओतायचा. हिरवी विष्णुक्रांता पिवळी, पिवळी विष्णुक्रांता तपकिरी; आणि खाली माती काळी, ओलीचिंब, आंबट वासाची.

रामनवमीनंतर डायलिसिसच्या सुईला शीर सापडेना. हातावर, मानेवर, कुठेच. हृदयही थकलं होतं. डॉक्टरांनी आत्मारामाला बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला.

“बाबा, आता घरी न्या. आता मापून द्यायची गरज नाही. मागतील ते द्या.”

आत्माराम अडाणी होता, मूर्ख नव्हता. त्या वाक्याचा अर्थ त्याला तिथेच कळला होता. कळला आणि त्याने तो गिळून टाकला. जोवर माप आहे तोवर आजार आहे. जोवर आजार आहे तोवर माणूस आहे. माप सोडलं की संपलं. काठोकाठ भरलेला तांब्या तिच्या हाती देणं म्हणजे तिला जा म्हणणं, आणि ते त्याच्याने होणार नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने तिला सांगितलं नाही. त्या दिवेलागणीला त्याने नेहमीसारखं चौथं फुलपात्र भरलं, बोटाने पातळी बघितली, आणि तिच्या ओठांना लावलं.

तिने पिताना डोळे वर करून त्याच्याकडे बघितलं. बायका चाळीस वर्षं नवऱ्याचं तोंड वाचतात. तिने ते वाचलं असणार. पण ती म्हणाली एवढंच, “आज वर दोन थेंब जास्त घातलेत की काय?”

“नाही गं,” तो म्हणाला. आणि खरंच घातले नव्हते. ते न घातलेले दोन थेंब त्याला पुढे जन्मभर पुरले.

चैत्री पौर्णिमेची सकाळ उजाडली. सूर्य डोंगरावर आला आणि खिडकीखाली एकही निळा डोळा उघडला नाही.

आत्माराम उकिडवा बसला. एक फांदी उचलली तर ती हातात आली, तुटण्याचा आवाजही न करता. दुसरी उचलली, तीही आली. त्याने बोटं मातीत खुपसली आणि मूळ उपसलं. मूळ काळंठिक्कर होतं. चिकट होतं. त्याला कुजलेल्या पाण्याचा वास होता. सगळा ताटवा त्याने हातांनी उकरला, वेड्यासारखा, आणि खाली जिकडेतिकडे तेच. चाळीस वर्षांची मुळं आपल्याच ओलीत सडून पडलेली. झाड तहानेने मेलं नव्हतं. झाडाला त्याने बुडवलं होतं.

ऊन डोक्यावर येऊ लागलं तेव्हा तो चिखलाने भरलेल्या हातांनी आत आला. खाटेशी उभा राहिला.

“तुझी विष्णुक्रांता गेली,” तो म्हणाला. “पाण्यानं गेली. मी मारली.”

“ठाऊक आहे,” द्वारकाबाई म्हणाली. आवाज वाळूसारखा खरखरीत. मग म्हणाली, “ती गेली ना आता. मग मला द्या. फुलपात्र नको. तांब्याभर.”

डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं. रांजण भरलेले होते. अंतर वीस पावलांचं होतं.

पण आत्मारामाच्या हातांना अजून त्या काळ्या मुळांचा वास होता. आयुष्यात पहिल्यांदाच, सदुसष्टाव्या वर्षी, पाणी देणारा तो माणूस पाण्याला घाबरला. ज्या दिवशी त्याने सढळ हाताने ओतायला हवं होतं, नेमकं त्याच दिवशी त्याला माप पटलं.

“बाराला,” तो म्हणाला. “बाराला देतो. थोडाच वेळ राहिला.”

तिने मान खिडकीकडे वळवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

तो नेहमीसारखा तांब्या घेऊन बाहेर आला आणि अडखळला. ओतायला आता काही उरलंच नव्हतं. उकरलेली काळी माती, आणि हातात भरलेला तांब्या. इतक्यात निंबाखालून हाक आली, “ओ बाबा, पाणी आहे का?” घाट उतरून एक ट्रकवाला आला होता, अंगावर धुळीची पुटं, डोळे लाल. आत्माराम धावला. त्याने ओगराळं बुडवलं आणि ओतलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओतलं. ओंजळ भरून वाहिली, कोपरं वाहिली, त्या माणसाचा सदरा भिजला, पाय भिजले, खाली चिखल झाला, तरी हा ओतत राहिला.

“पुरे, बाबा,” तो माणूस मागे सरत म्हणाला. “पुरे झालं. पोट भरलं.”

आत्माराम घरात परतला तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. द्वारकाबाईला नव्हता. तिचे डोळे खिडकीवर होते, ओठ किंचित उघडे होते, आणि ओठांवर भेगा होत्या. उशाशी पितळी फुलपात्र उपडं ठेवलेलं होतं.

शेजारची सरूबाई धावत आली. रोज द्वारकाबाईला आंघोळ घालणारी, तिची वेणी घालणारी तीच. तिने रीतीप्रमाणे तुळशीचं पान आणलं, गंगाजलाचा गडू फोडला, आणि पान ओठांवर ठेवून पळीने तोंडात पाणी घातलं. एक पळी. दोन पळ्या. पाणी आत गेलं नाही. गालावरून ओघळून कानामागे गेलं आणि उशी भिजली. आत्माराम ते बघत होता. आता घाला, तो मनात म्हणत होता, आता कितीही घाला.

पुढचे दिवस तर पाण्याचेच गेले. तिला न्हाऊ घातलं ते पाण्याने. चितेभोवती खांद्यावर मडकं घेऊन तो फिरला, मडक्याला दगडाने भोक पडलं, धार लागली; दुसरी फेरी, दुसरं भोक, दुसरी धार; तिसरी फेरी, तिसरी धार. दहाव्याला तिलांजली दिली, ओंजळीमागून ओंजळ. जिवंतपणी चार फुलपात्रं, आणि मेल्यावर नदी. आपल्या रीतीभातींवर मी सहसा रागावत नाही. त्या दिवशी मात्र रागावलो.

लेक सुरतहून आली होती. तेरावं उरकून, बापाच्या गळ्यात पडून, रडून गेली. घर रिकामं झालं. तेव्हा सरूबाई पदराखाली काहीतरी घेऊन आली आणि तिने ते आत्मारामापुढे ठेवलं.

नारळाची करवंटी होती. बुडाला भोक पाडलेली, वाळू-मातीने भरलेली. मातीत बोटभर फांदी होती, आणि फांदीला सहा केसाळ, हिरवी पानं.

“होळीच्या सुमाराला मला म्हणाली, एक फांदी मोडून दे,” सरूबाई सांगू लागली. “खिडकीच्या दाराआड ठेवली होती. ऊन लागेल आणि तुम्हाला दिसणार नाही अशी. रोज चौथ्या फुलपात्रातलं तळचं घोटभर तोंडात धरून ठेवायची. तुम्ही वळलात की हिच्यात सोडायची. मी म्हटलं, द्वारकाबाई, स्वतः तहानेनं तडफडताय आणि हे काय? तर म्हणे, तिला तेवढंच लागतं.”

आत्माराम करवंटीकडे बघत राहिला.

“मी म्हटलं, मग दादांना सांगा ना, बाहेरच्या ताटव्याला इतकं पाणी घालू नका म्हणावं. सगळा सडेल. तर म्हणाली, सडू दे.” सरूबाईने पदराने नाक पुसलं. “म्हणाली, मला नाही म्हणतात ना, ते त्यांना सोसत नाही. पाणपोईवाल्याचा हात आहे तो, बांधून कसा राहील? कुठंतरी ओतायला हवंच त्यांना. ओतू दे. पण ही करवंटी त्यांना दाखवू नकोस. हिलाही मायेनं मारतील.”

सरूबाई गेली. आत्माराम रडला नाही, असं लोक सांगतात. लोकांना काय माहीत?

अठराव्या दिवशी आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. वर्षाच्या आत घरातलं माणूस गेलेलं असलं की ती घागर त्याची. आत्मारामाने कुंभाराकडून नवी, लाल, कोरी घागर आणली. रांजणातलं थंड, वाळ्याचा वास लागलेलं पाणी तिच्यात ओतलं. काठोकाठ. वर लहान मडकं ठेवलं, त्यावर खरबूज, शेजारी सरूबाईने करून दिलेल्या सांजोऱ्या. मग उंबरठ्याशी बसून कुंकवात बोट बुडवलं आणि एकेका पितराचं नाव घेत एकेक बोट ओढलं. आजोबांचं. बापाचं. आईचं. शेवटचं बोट ओढताना तो थांबला. चाळीस वर्षं त्याने तिला ‘अगं’ म्हणूनच हाक मारली होती.

“द्वारका,” तो म्हणाला. “पाणी घे.”

पाणी घ्यायला कुणी आलं नाही. उंबरठ्यावर चार लाल रेघा होत्या, आणि त्यातली शेवटची ओली होती.

त्याच सकाळी खिडकीतल्या करवंटीत फूल उघडलं होतं. एकच. गुंडीएवढं, मधोमध पांढरा ठिपका, भोवती निळाई. आत्माराम खाटेच्या कडेला बसून ते बघत होता. रस्त्यावर ऊन चढत होतं. डोंगर तापत होता, पत्रे तापत होते, निंबाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली. सूर्य माथ्यावर आला. आणि फूल कडेकडेने मिटू लागलं.

त्याचा हात तांब्याकडे गेला. सवयीने गेला, मायेने गेला. त्या हाताला तिसरं काही येतच नव्हतं. तांब्या उचलला, करवंटीवर धरला, आणि तो थांबला. दुसऱ्या हाताचं बोट त्याने मातीत घातलं. एक पेर. माती गार होती.

त्याने हात मागे घेतला.

बाहेर रांजण भरलेले होते. आत घागर भरलेली होती, लाल अंगाने मंद मंद पाझरत होती. मांडीवर तांब्या भरलेला होता. आणि त्या सगळ्या पाण्याच्या मधोमध, पाणी न देता, आत्माराम बसून राहिला. फूल मिटेपर्यंत बसला. मिटल्यावरही बसला.